के-पॉप आणि ‘एका रक्ताचा’ देश : नववीच्या वर्गातल्या तीन तासिका



आजचा पाठ कोरियन गाण्यांवर आहे. शीर्षक वाचून काहींना वाटेल, मॅडमना अभ्यासक्रम कमी पडला की काय! पण हा पाठ मी हौसेनं घेतला नाही. एक चूक झाली, ती सुधारायची म्हणून घेतला. चूक मुलांची नव्हती, माझी होती. म्हणून आधी तीच सांगते.

आमची शाळा कळमन्याची. बाजार समितीचं मोठं यार्ड जवळच. संत्र्यांचा हंगाम आला की ट्रकांच्या रांगा लागतात, मिरची आली की वर्गात बसल्या बसल्या ठसका लागतो. मुलं हमालांची, ऑटोवाल्यांची, अडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्यांची, छोट्या दुकानदारांची. घरी कोणी नागपुरी मराठी बोलतं, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी, कोणी भोजपुरी. शाळेत आलं की सगळे मराठी.

यंदा गॅदरिंगला नववीच्या मुलींनी कोरियन गाण्यावर नाच बसवायचं ठरवलं. मी तालमीला बसले होते. त्यांच्यात एक मुलगी आहे. तिचे आजोबा नेपाळमधून इथल्या एका गोदामावर चौकीदार म्हणून आले आणि इथलेच झाले. तिचा जन्म इथलाच. मी अगदी सहज म्हणाले, “अगं, तू मधे उभी राहा. तू तर कोरियनच दिसतेस!” सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं नाचातून नाव काढून घेतलं.

मी बाजूला बोलावून कारण विचारलं. बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “मॅडम, रस्त्यानं जाताना पोरं मला चिनी म्हणतात, मोमो म्हणतात. तुमी कोरियन म्हटलं. मी कळमन्याची आहे असं कोणीच नाई म्हणत.”

मी कौतुक करत होते असं मला वाटत होतं. तिच्या कानावर मात्र तेच पडलं जे रोज रस्त्यावर पडतं, फक्त गोड आवाजात. ज्या चेहऱ्यांचे फोटो मुली वहीच्या पहिल्या पानावर चिकटवतात, तसाच चेहरा बाजूच्या बाकावर असला की त्याची चेष्टा होते. हे कोडं मुलांसमोर मांडलं पाहिजे असं वाटलं, आणि तीन तासिका काढल्या. कोणाचंही नाव न घेता, आधी दूरच्या देशातून सुरुवात केली. दूरचं आधी दिसतं, जवळचं नंतर.

आधी दोन शब्द

फळ्यावर दोन शब्द लिहिले : एकजिनसी समाज आणि बहुसांस्कृतिकता.

एकजिनसी समाज म्हणजे जिथले बहुतेक लोक एकच भाषा बोलतात, एकाच वंशाचे मानले जातात, सण-रीतिरिवाज सारखे असतात. दक्षिण कोरियाचं उदाहरण जगभर दिलं जातं. बहुसांस्कृतिकता म्हणजे वेगवेगळ्या भाषेचे, वंशाचे, धर्माचे लोक एका समाजात नुसते शेजारी राहत नाहीत, तर बरोबरीच्या हक्कानं राहतात. ‘बरोबरीच्या हक्कानं’ हे शब्द अधोरेखित करा. मुलांनी पाठ करायचे असतील तर एवढेच करावेत.

पहिली तासिका : कोरिया ‘एका रक्ताचा’ कसा ठरला?

सुरुवात मुलांना माहीत असलेल्या गोष्टीनं करा. मी विचारलं, “ओप्पा म्हणजे काय?” अर्धा वर्ग ओरडला, “दादा!” मुलीनं मोठ्या भावाला ओप्पा म्हणायचं, मोठ्या बहिणीला उन्नी. आपण जसं अनोळखी माणसालाही दादा, ताई, काका म्हणतो तसंच तिथेही चालतं. कोरियन वाक्यात क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं, आपल्या ‘ये’ आणि ‘या’ सारखं. त्यांची हंगुल लिपी राजा सेजोंगनं १४४६ साली जाहीर केली, साध्या माणसालाही लिहिता-वाचता यावं म्हणून. दक्षिण कोरियात दरवर्षी ९ ऑक्टोबरला लिपीचा दिवस साजरा होतो. हे ऐकल्यावर मुलांना कोरिया एकदम ओळखीचा वाटायला लागतो.

मग इतिहासाकडे वळा. कोरियन लोक दानगुन नावाच्या पुराणातल्या राजाला आपला मूळ पुरुष मानतात. पण ‘आपण सगळे एका रक्ताचे, एकच कुळ’ ही कल्पना आज ज्या जोरानं सांगितली जाते, ती फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान कोरिया गिळू पाहत होता, तेव्हा शिन छे-हो यांच्यासारख्या लेखकांनी राजघराण्याऐवजी ‘मिनजोक’, म्हणजे वंश-राष्ट्र, इतिहासाच्या केंद्रस्थानी आणलं. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. भाषा दडपली गेली, लोकांना जपानी नावं घ्यायला लावली गेली. अशा वेळी ‘आम्ही एक रक्त आहोत’ या विचारानं लोकांना धीर दिला. पुढे १९५० ते १९५३ चं युद्ध झालं, देशाचे दोन तुकडे कायम राहिले, तेव्हाही हाच विचार कामी आला.

इथे मुलांना थांबवा आणि विचारा : संकटात माणसांना एकत्र बांधणारी गोष्ट संकट गेल्यावर कोणाला बाहेर ठेवते का?

कोरियात ठेवलं. युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक आले. त्यांची आणि कोरियन स्त्रियांची मुलं जन्माला आली. एका रक्ताच्या देशात या मुलांना जागाच नव्हती. युद्धानंतर परदेशी दत्तक देण्याची जी मोठी व्यवस्था उभी राहिली, तिची सुरुवात प्रामुख्यानं अशाच मुलांपासून झाली.

जी मागे राहिली त्यांच्यात एक इन्सुनी. जन्म १९५७, आई कोरियन, वडील आफ्रिकन-अमेरिकन सैनिक. १९७८ साली गायिका म्हणून पुढे आल्या आणि नाव कमावलं. पण सुरुवातीच्या काळात टीव्हीवर गाताना त्यांना कुरळे केस टोपीखाली झाकावे लागत. आवाज चालत होता, केस चालत नव्हते. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

आपण शिक्षक आहोत म्हणून इन्सुनींची पुढची गोष्ट जरूर सांगा. २०१३ साली त्यांनी गांगवॉन प्रांतात होंगचॉन इथे मिश्र कुटुंबांतल्या मुलांसाठी एक शाळा काढली. नाव ‘हेमिल’, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर निवळलेलं आकाश. लहानपणी जे आपल्याला मिळालं नाही, ते त्यांनी पुढच्या मुलांसाठी उभं केलं.

आणि एक गंमत. कोरियातलं सर्वांत मोठं कुळ म्हणजे गिम्हेचे किम. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथातल्या कथेनुसार या कुळाची मूळ माता हो ह्वांग-ओक ही ‘आयुता’ नावाच्या दूर देशातून समुद्रमार्गे आलेली राजकन्या होती. अनेक कोरियन लोक आयुता म्हणजे आपली अयोध्या मानतात. तिथे २००१ साली तिचं स्मारकही झालं. कथा खरी की खोटी हा इतिहासकारांचा प्रश्न. पण बघा, एका रक्ताचा अभिमान असलेल्या देशात सर्वांत मोठं घराणंच सांगतं की आमची आजी परदेशातून आली! एक मुलगा म्हणाला, “मग एक रक्त कसं झालं मॅडम?” मी उत्तर दिलं नाही. प्रश्न पुरेसा होता.

दुसरी तासिका : रंगमंचावर कोण कोण आहे?

या तासिकेला वर्ग सांभाळायची तयारी ठेवा. सगळ्यांनाच बोलायचं असतं. मी बोलू दिलं, पण अट घातली : प्रत्येक गटाबद्दल ‘कोण कुठला’ एवढंच सांगायचं, कोण देखणा ते नाही.

मुलांनी सांगितलेलं आणि मी भर घातलेलं असं :

ट्वाइस हा गट २०१५ चा. नऊ जणींपैकी तीन जपानच्या, एक तैवानची. ब्लॅकपिंक २०१६ चा. त्यातली लिसा थायलंडची. टूपीएममधला निचखुन थायलंडशी नातं असलेला, तो २००८ मध्येच आला होता. बीटीएसमधले सातही जण कोरियन. पण २०२० साली ज्या गाण्यानं त्यांना अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्यांदा एक नंबरवर नेलं, ते ‘डायनामाइट’ इंग्रजीत आहे आणि ब्रिटिश गीतकारांनी लिहिलेलं आहे. मुळात ज्या रॅप आणि हिप-हॉपच्या तालावर १९९२ साली सो ताइजी अँड बॉईजनी कोरियन तरुणांना वेड लावलं, तो ताल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधून आलेला.

आणि आपली श्रेया लेंका. ओडिशातल्या राउरकेलाची, ओडिसी नृत्य शिकलेली. मे २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या गटात तिची निवड झाली. के-पॉपमधली पहिली भारतीय म्हणून तिचं नाव गाजलं. २०२३ मध्ये या गटातल्या चौघी म्हणजे भारताची श्रेया, सेनेगलशी नातं असलेली बेल्जियमची फातू, ब्राझील आणि जर्मनीशी नातं असलेली गाबी आणि अमेरिकेची एनवी. कोरियन एकही नाही!

इथे प्रश्न विचारा : एकही कोरियन नसलेला गट के-पॉप म्हणायचा का?

वर्गात दोन तट पडले. एक गट म्हणे, भाषा कोरियन, शिक्षण कोरियन, मग झालंच. दुसरा म्हणे, छे, मग कोरियाचं काय उरलं? मी विचारलं, “यार्डाच्या गेटसमोर तर्री पोहा कोण विकतो?” “छत्तीसगढचा भैया.” “मग तो पोहा नागपुरी का छत्तीसगढी?” मागून उत्तर आलं, “मॅडम, तर्री झणझणीत असली तर नागपुरी!” सगळे हसले. पण बघा, नववीच्या पोरानं जे सांगितलं ते मोठ्यांना कळायला वेळ लागतो. संस्कृती रक्तातून येत नाही, शिकण्यातून आणि करण्यातून येते.

मात्र गुलाबी चित्र उभं करून थांबू नका. तीन घटना मुलांसमोर ठेवा.

पहिली. जानेवारी २०१६. ट्वाइसमधली सोळा वर्षांची त्झुयू त्याआधी एका कार्यक्रमात तैवानचा झेंडा घेऊन दिसली होती. चीनमध्ये संताप उसळला. तिच्याकडून माफीचा व्हिडिओ करून घेण्यात आला. स्वतःच्या गावचा झेंडा हातात धरला म्हणून नववी-दहावीच्या वयाच्या मुलीनं वाकून माफी मागितली. परदेशी मुलगी गटात चालते, पण तिनं आपलं गाव किती सोबत आणायचं हे बाजार ठरवतो.

दुसरी. मार्च २०१७. मामामू या गटानं एका अमेरिकन गायकाच्या गाण्याची नक्कल करताना चेहरे काळपट रंगवले. जगभरातून टीका झाली, त्यांनी माफी मागितली.

तिसरी. जून २०२०. ब्लॅकपिंकच्या नव्या व्हिडिओत सजावट म्हणून गणपतीची मूर्ती जमिनीवर ठेवलेली दिसली. भारतातल्या चाहत्यांनी आक्षेप घेतला. कंपनीनं ती प्रतिमा व्हिडिओतून काढून टाकली.

तिसऱ्या घटनेवर वर्ग पेटला. “आपला देव म्हणजे शोभेची वस्तू आहे का?” बरोबर. मुलांचा राग खरा होता. मी तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग विचारलं, “तीन वर्षांपूर्वी आपल्या गॅदरिंगमध्ये आदिवासी नाच झाला होता. आठवतो? कसा होता?”

काहींना आठवत होता. तोंडाला आणि हातापायांना काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला, आणि तोंडानं ‘हुर्र हुर्र’. नाच बसवला होता आम्हीच, शिक्षकांनी. टाळ्या वाजवल्या त्याही आम्हीच. ज्या शहराचा पाया अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं घातला, त्या शहरात आम्ही गोंडांना पानं गुंडाळून नाचवत होतो. वर्गात गोंड मुलं असताना.

एकदम शांतता झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, “मग मामामूनं केलं तेच आपण केलं.” हो. तेच केलं.

तुमच्या शाळेत असे नाच होत असतील तर हा पाठ घेण्याआधी तेवढं बघून घ्या. मुलं विचारणारच.

तिसरी तासिका : पडद्याबाहेरचा कोरिया

गाण्यात दिसणारा परदेशी एक, आणि कोरियात राबणारा परदेशी वेगळा. २०२३ च्या अखेरीस दक्षिण कोरियात सुमारे २५ लाख परदेशी रहिवासी होते, लोकसंख्येच्या साधारण ५ टक्के. त्यांतले मूठभर लोक गायक. बाकीचे कारखान्यात, शेतात, जहाजबांधणीत, हॉटेलांत काम करणारे, शिकायला आलेले, किंवा लग्न करून आलेल्या बायका. खेड्यांतल्या मुलांना मुली मिळेनात (आपल्याकडेही हे ओळखीचं आहे!), म्हणून व्हिएतनाम, चीन, फिलिपाईन्समधल्या मुलींशी लग्नं होऊ लागली. त्यांची मुलं शाळांत आली, आणि देशाला बदलावं लागलं.

बदल कसा झाला ते फळ्यावर क्रमानं लिहा :

२००६ – अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू हाइन्स वॉर्ड कोरियात आला. आई कोरियन, वडील आफ्रिकन-अमेरिकन, जन्म सोलचा. ज्या देशात अशा मुलांना हिणवलं जाई, तिथे त्याचं जंगी स्वागत झालं. लोकांनाही आपला दुटप्पीपणा जाणवला.

२००७ – वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं कोरियाला सुचवलं की ‘एक वंश’ यावरचा भर कमी करा. त्याच वर्षी झेंड्यापुढे म्हणायच्या प्रतिज्ञेतला ‘मिनजोक’ हा शब्द गेला.

२००८ – बहुसांस्कृतिक कुटुंबांना मदत करणारा कायदा आला.

२०११ – सैन्यात भरती होताना घ्यायच्या शपथेतही ‘मिनजोक’ऐवजी ‘नागरिक’ हा शब्द आला.

इथे आपल्या पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञा काढायला सांगा. रोज म्हणतो, पण वाचतो कुठे? आपल्या प्रतिज्ञेत सुरुवातीपासूनच विविध परंपरांचा अभिमान आहे. कोरियाला जो शब्द बदलावा लागला तो आपल्याकडे कधी नव्हताच. मग मुलांना विचारा : शब्द आपल्याकडे आधीपासून चांगला आहे, वागणं आहे का?

आता माझ्या पाठाचा खरा क्षण. कोरियाची कामगार-परवाना योजना २००४ साली सुरू झाली. नेपाळसह आशियातल्या अनेक देशांतून कामगार त्या मार्गानं जातात. आधी कोरियन भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. गेल्यावर कुटुंबाला सोबत नेता येत नाही. मी हे सांगत असताना त्या मुलीनं हात वर केला. पहिल्या दोन तासिका ती एक शब्द बोलली नव्हती.

“मॅडम, माझा मामा तीच परीक्षा देतो. नेपाळमध्ये असतो. दोनदा नापास झाला. रात्री अभ्यास करतो. त्याला कोरियन येतं, पण बीटीएसचं एक गाणं माहीत नाई.”

कोणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आमचे बाबा बी तसेच आले मॅडम, बिलासपूरकडून. यार्डात हमालीला. त्यांना मराठी नव्हतं येत. मुकादम ‘ए छत्तीसगढी’ म्हणूनच हाक मारायचा.” आणखी एक हात वर झाला. मग आणखी एक. माझं टाचण बाजूला राहिलं. तासिका मुलांनी घेतली.

त्या दिवशी मी मुलांना जाहीरपणे सांगितलं की तालमीत मी जे बोलले ते चूक होतं. तिची माफी मागितली. शिक्षकानं वर्गात माफी मागितली तर मान जातो असं काहींना वाटतं. माझा अनुभव असा की नंतर वर्ग जास्त ऐकतो.

हे आपल्याकडे का महत्त्वाचं आहे?

आपण म्हणू, कोरिया एकजिनसी, भारत तर विविधतेचा देश. खरं आहे. पण प्रत्येकजण आपल्या गल्लीत एकजिनसी समाज बनवायला बघतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मराठी मातृभाषा असलेले सुमारे ६९ टक्के. म्हणजे दहातल्या तिघांच्या घरात वेगळी भाषा. नागपूर तर १९५६ पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन भाषांत वाढलेलं शहर. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांकडून स्वेटर आपण सगळेच घेतो. त्यांनाही पोरं ‘चिनी’ म्हणतात. चीनमुळे ज्यांना देश सोडावा लागला त्यांनाच!

चेष्टेनं काय बिघडतं, असं वाटत असेल तर जानेवारी २०१४ आठवा. अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीत एका दुकानाजवळ पत्ता विचारायला थांबला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टोमणे मारले गेले. भांडण झालं, मारहाण झाली, आणि तो गेला. सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात टोमण्यापासून झाली होती. तो टोमणा कोणीतरी शाळेत असतानाच शिकलं असेल.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. आजी-आजोबांचा नकाशा : प्रत्येकानं आपले आजी-आजोबा कुठून आले ते विचारून यायचं. फळ्यावर नकाशा काढून खुणा करायच्या. आमच्या ४३ मुलांत कळमन्यातच चारही आजी-आजोबा जन्मलेलं मूल एकही निघालं नाही. ‘बाहेरचा कोण’ हा प्रश्न तिथेच संपला.

२. एक शब्द द्या, एक शब्द घ्या : आई, पाणी, भात, ये-बस हे शब्द घरच्या भाषेत लिहायचे. छत्तीसगढी, गोंडी, नेपाळी, सिंधी, जे असेल ते. घरची भाषा वर्गात ‘अशुद्ध’ म्हणून नाही, भाषा म्हणून आली पाहिजे.

३. नाव नीट उच्चारा : मुलं कोरियन गायकांची अवघड नावं न चुकता म्हणतात. मग वर्गातल्या प्रत्येकाचं नाव, आडनाव बरोबर म्हणता आलंच पाहिजे. टोपणनाव चालेल की नाही ते ज्याचं आहे त्यानं ठरवायचं.

४. वेशभूषा की वेश? : गॅदरिंगच्या प्रत्येक नाचासाठी तीन प्रश्न. हे कोणाचं आहे? त्यांना विचारलं का? ते समोर बसले असते तर त्यांना आवडलं असतं का?

एक काळजी घ्या. ज्या मुलाची चेष्टा होते त्याला उभं करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. नाहीतर पाठ त्याच्याशिवायही पूर्ण झाला पाहिजे.

पालकांसाठी थोडं

पालकसभेत दोन तक्रारी येतात. एक, “दिवसभर ते चायनीज गाणे ऐकते.” दोन, “यातून अभ्यास काय होणार?”

पहिल्याबद्दल : निदान ते कोरियन आहे एवढं आपण शिकून घेऊ. मुलगी विचारेल, आई, तुला मराठी आणि तेलुगू एकच वाटतात का?

दुसऱ्याबद्दल : मोबाइलची वेळ ठरवा, जरूर ठरवा. गोरेपणा आणि बारीक अंग यांचं जे वेड या गाण्यांतून येतं त्यावरही घरी बोला. पण गाणी ऐकणं म्हणजे बिघडणं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. पुण्याजवळ रांजणगाव, तळेगाव इथे कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. आवडीतून भाषा, भाषेतून काम, हा रस्ता आहेच. त्याआधी एक प्रश्न घरी विचारा : “तुझ्या आवडत्या गायिकेसारखी दिसणारी मुलगी तुमच्या वर्गात आली तर तिला तुम्ही काय म्हणून हाक माराल?” उत्तर ऐका. त्यातून मार्कांपेक्षा जास्त कळेल.

शेवटी

गॅदरिंग झालं. नाच झाला. ती मुलगी परत आली, पण नाचात नाही. तिनं मागायच्या आत मैत्रिणींनी तिला निवेदन करायला सांगितलं. माइकवर तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, आणि “राहणार कळमना, नागपूर” असं म्हणाली. निवेदनात ते लिहिलेलं नव्हतं. तिनं स्वतःच घातलं.

रस्त्यावरची पोरं बदलली का? नाही. परवाच बाजाराच्या रस्त्यावर तिला पुन्हा कोणीतरी हाक मारली. फरक एवढाच की तिच्यासोबत आमच्या वर्गातल्या दोघी होत्या. त्यांनी थांबून त्या मुलाला विचारलं, “काहून बे, तुझे आजोबा कुठले?”

हा पाठ तुमच्या वर्गात घेऊन बघा. कोरियाच्या जागी मुलांना जे आवडतं ते घ्या : दक्षिणेचे सिनेमे, पंजाबी गाणी, काहीही. फक्त शेवटी गाडी आपल्या बाकापर्यंत आणा.